पराभव पचवणारे बंड : मिझो शांतता करार आणि माजी भूमिगत नेतृत्वाचा राजकारणातील पुनःप्रवेश

प्रास्ताविक

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत ‘राजकीय पुनर्वसन’ हा शब्दप्रयोग चांगलाच रूढ झालेला आहे. निवडणुकीत पडलेल्या किंवा पक्षावर रुसलेल्या नेत्याला एखाद्या महामंडळाचे अध्यक्षपद वा विधान परिषदेची जागा देणे, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. राज्यशास्त्राच्या अभ्यासकापुढे मात्र याच शब्दातून एक फार वेगळा प्रश्न उभा राहतो. ज्यांनी राज्यसंस्थेविरुद्ध शस्त्र उचलले, वर्षानुवर्षे जंगलातून गनिमी लढा चालवला, त्या नेत्यांना संघर्ष संपल्यानंतर लोकशाही राजकारणात स्थान द्यावे काय, आणि द्यायचे तर ते कसे?

तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात ईशान्य भारतातील चळवळी शिकवताना दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो, “सर, ज्याने भारतापासून फुटून निघायचे ठरवले, त्यालाच मुख्यमंत्री केले? मग जे कायदा पाळून राहिले त्यांना काय मिळाले?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. नैतिकदृष्ट्या तो बिनतोड आहे, आणि त्याला ‘शांततेसाठी तडजोड करावी लागते’ असे ठरीव उत्तर देऊन पुढे जाणे हा त्या विद्यार्थ्यावर अन्याय होय. प्रस्तुत लेखात मिझोरमच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, माजी बंडखोर नेत्याला सत्ता मिळाली या घटनेवरून त्याच्या राजकीय पुनःप्रवेशाचे यशापयश ठरवता येत नाही. त्याची खरी परीक्षा तो सत्ता गमावतो तेव्हा होते. मिझोरमच्या बाबतीत आपण १९८६ साली झालेल्या कराराचे गोडवे गातो, परंतु अधिक अभ्यासण्याजोगे वर्ष १९८८ हे आहे.

बंडाची पार्श्वभूमी

मिझो टेकड्यांत साधारण अर्धशतकाच्या अंतराने बांबूच्या एका जातीला एकाच वेळी फुलोरा येतो. त्याचे बी खाऊन उंदरांची बेसुमार वाढ होते आणि ते उभ्या पिकावर तुटून पडतात. मिझो लोक या आपत्तीला ‘मौताम’ म्हणतात. १९५९ साली असा मौताम आला तेव्हा हा प्रदेश आसामचा एक जिल्हा होता. आसाम सरकारने धोक्याच्या पूर्वसूचनेकडे गांभीर्याने पाहिले नाही. दुष्काळात गावोगावी तांदूळ पोचवण्याचे काम ज्या संघटनेने केले, तिचे नेते होते लालडेंगा. पूर्वी भारतीय सेनेत हवालदार आणि नंतर जिल्हा परिषदेत हिशेबनीस राहिलेले हे गृहस्थ. दुष्काळ निवारणाच्या याच संघटनेतून ऑक्टोबर १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष उभा राहिला. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटने सशस्त्र उठाव केला व दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याची घोषणा केली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भारतीय वायुसेनेच्या विमानांनी ऐजॉलवर मारा केला. स्वतःच्याच नागरी वस्तीवर हवाई हल्ला करण्याचा हा प्रसंग स्वतंत्र भारताच्या इतिहासात एकमेव मानला जातो. १९६७ पासून शेकडो गावे उठवून लोकांना लष्कराच्या देखरेखीखालील वसाहतींत आणून ठेवण्यात आले. बंडखोरांना धान्य व आसरा मिळू नये हा त्यामागचा हेतू. उभी गावे जाळली गेली, फिरती शेती मोडली. दुसरीकडे भूमिगतांनीही ‘खबरे’ ठरवून आपल्याच माणसांचे बळी घेतले. जानेवारी १९७५ मध्ये ऐजॉल येथे पोलीस दलाचे तीन ज्येष्ठ अधिकारी त्यांच्या कार्यालयातच मारले गेले.

वीस वर्षांच्या या काळात सर्वसामान्य मिझो माणूस दोन बंदुकांच्या मध्ये सापडला होता. पुढे जे घडले त्याची गुरुकिल्ली या अनुभवात आहे, म्हणून ते आवर्जून नोंदवले.

वाटाघाटींचा लांबलेला प्रवास

१९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि पूर्व पाकिस्तानातील आश्रय संपुष्टात आला. त्यानंतर फ्रंटची लष्करी बाजू कमकुवत होत गेली. १९७२ मध्ये मिझोरम केंद्रशासित प्रदेश झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये दिल्लीत एक समझोता होऊन लालडेंगा यांनी मिझोरम हा भारताचा अविभाज्य भाग असल्याचे मान्य केले, पण तो समझोता टिकला नाही. १९८० मध्ये पुन्हा बोलणी, १९८२ मध्ये पुन्हा फिसकटली व लालडेंगा लंडनला गेले. १९८४ च्या ऑक्टोबर अखेर ते परतले आणि इंदिरा गांधींशी त्यांची भेट ठरली होती ती ३१ ऑक्टोबर रोजी. त्याच दिवशी सकाळी इंदिराजींची हत्या झाली.

या लांबलेल्या प्रवासाला वेळेचा अपव्यय समजू नये. दहा वर्षांत सारखे बोलणे मोडत आणि जुळत गेल्यामुळे दोन्ही पक्षांना एकमेकांची अंतिम मर्यादा कळली. फ्रंटच्या बाजूने सार्वभौमत्वाची मागणी विरत गेली. वाद उरला तो प्रामुख्याने एकाच मुद्द्यावर : तोपर्यंतच्या काळात सत्ता कोणाकडे?

३० जून १९८६ रोजी दिल्लीत करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. फ्रंटच्या वतीने लालडेंगा, मिझोरमच्या वतीने मुख्य सचिव लालखामा आणि भारत सरकारच्या वतीने केंद्रीय गृहसचिव राम प्रधान. महाराष्ट्राच्या सेवेतील हे अधिकारी एकेकाळी यशवंतराव चव्हाणांचे खाजगी सचिव होते. करारावर सही झाली तो त्यांच्या सेवेचा अखेरचा दिवस. राजीव गांधींच्या काळातील पंजाब व आसाम करारांशीही त्यांचा निकटचा संबंध होता. त्यापैकी पंजाब कराराचे भागीदार संत हरचंदसिंग लोंगोवाल यांची महिन्याभरातच हत्या झाली आणि तो करार अपुराच राहिला. टिकून राहिला तो मिझो करार.

करारात फ्रंटने फुटीरतेची मागणी सोडणे, पक्षाची घटना तदनुसार बदलणे, शस्त्रे खाली ठेवणे आणि शेजारच्या अन्य बंडखोर संघटनांना मदत न करणे मान्य केले. केंद्राने पूर्ण राज्याचा दर्जा आणि मिझो समाजाच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढिजन्य कायदा, जमिनीची मालकी व हस्तांतरण यांना घटनात्मक संरक्षण देण्याचे कबूल केले. त्रेपन्नाव्या घटनादुरुस्तीने घातलेले कलम ३७१ ग ते हेच.

खुर्ची रिकामी करणारा मुख्यमंत्री

करारपत्रात लिहिलेल्या कलमांपेक्षा एक वेगळी घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या वेळी मिझोरममध्ये काँग्रेसचे लालथनहावला हे निवडून आलेले मुख्यमंत्री होते. १९८४ मध्ये त्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली होती, बहुमत त्यांच्याकडे होते. पक्षपातळीवरील स्वतंत्र समझोत्यानुसार त्यांनी पद सोडले आणि २१ ऑगस्ट १९८६ रोजी लालडेंगा संयुक्त मंत्रिमंडळाचे मुख्यमंत्री झाले. लालथनहावला उपमुख्यमंत्री म्हणून त्यांच्या हाताखाली राहिले.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथे सर्वाधिक टोकदार होतो. मतदारांनी दिलेले पद मतदारांना न विचारता बंडखोराच्या स्वाधीन करणे हे लोकशाहीच्या कोणत्या तत्त्वात बसते? प्रामाणिक उत्तर असे की, ते बसत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा अपवाद अल्पमुदतीचा होता आणि त्याचा शेवट निवडणुकीत होणार हे आधीच ठरलेले होते. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य झाले. त्याच महिन्यात झालेल्या विधानसभा निवडणुकीत ४० पैकी २४ जागा फ्रंटच्या उमेदवारांनी जिंकल्या. काँग्रेसला १३ आणि निवृत्त ब्रिगेडियर टी. सायलो यांच्या पीपल्स कॉन्फरन्सला ३ जागा मिळाल्या. गंमत अशी की, फ्रंटला निवडणूक आयोगाची मान्यता अद्याप नसल्यामुळे हे सर्व विजयी उमेदवार सरकारी नोंदीत ‘अपक्ष’ आहेत. उसन्या खुर्चीवर बसलेला नेता सहा महिन्यांत स्वतःच्या मतांवर तिचा धनी झाला.

क्रम कसा होता हेही पाहण्याजोगे आहे. करारानंतर प्रथम भूमिगत सैनिक ठरलेल्या ठिकाणी जमले व शस्त्रे जमा केली, शपथविधी त्यानंतर. बाहेर आलेल्यांची संख्या सुमारे सहाशे होती. शस्त्र आधी, पद मागाहून, आणि मतपेटी त्यानंतर लगेच. हा क्रम उलटा झाला तर काय होते ते पुढे येईलच.

१९८८ : परीक्षेचे वर्ष

लालडेंगांचे सरकार फार काळ टिकले नाही. जंगलात आदेशावर चालणारी संघटना आणि आमदारांच्या नाराजीवर चालणारा पक्ष यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. वीस वर्षे ज्यांनी त्यांचा शब्द झेलला, त्यांच्याबरोबर आता असेही लोक आमदार होते, ज्यांना मंत्रिपद हवे होते. १९८८ च्या उत्तरार्धात फ्रंटमध्ये फूट पडली. पक्षांतरबंदी कायद्यानुसार एक तृतीयांश सदस्यांची फूट त्या काळी वैध मानली जात असे. ती पळवाट पुढे २००३ मध्ये बंद झाली. फुटीर गट काँग्रेसशी हातमिळवणी करून पर्यायी सरकार बनवू पाहत होता. राज्यपाल होते हितेश्वर सैकिया, जे स्वतः आसाममधील काँग्रेसचे मोठे नेते. ७ सप्टेंबर १९८८ रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसने २३ जागा जिंकल्या, फ्रंटला १४ मिळाल्या आणि लालथनहावला पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या घटनाक्रमाकडे लालडेंगांच्या जागी उभे राहून पाहावे. दोन वर्षांपूर्वी ज्या सरकारशी करार केला, त्याच सरकारच्या पक्षाने आपले आमदार फोडले. त्याच सरकारने नेमलेल्या राज्यपालाच्या काळात आपली सत्ता गेली. ‘दिल्लीने दगा दिला’ असे म्हणून पुन्हा ब्रह्मदेशाच्या सीमेकडे वळण्यासाठी यापेक्षा सबळ निमित्त कोणते हवे होते? तरीही तसे झाले नाही. लालडेंगा विरोधी पक्षाच्या राजकारणात राहिले. जुलै १९९० मध्ये लंडन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पक्षाची धुरा त्यांचे भूमिगत काळातील निकटचे सहकारी झोरामथंगा यांच्याकडे आली. फ्रंटने १९८९ मागोमाग १९९३ मध्येही पराभव पत्करला आणि १९९८ मध्ये निवडणुकीच्या मार्गानेच सत्ता परत मिळवली.

अंगोला : उलट क्रमाचे फळ

पराभव पचवणे ही साधी गोष्ट नाही हे समजण्यासाठी आफ्रिकेतील अंगोलाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील सरकार आणि जोनास साविंबी यांची ‘युनिटा’ ही गनिमी संघटना यांच्यात मे १९९१ मध्ये पोर्तुगालमधील बिसेस येथे करार झाला. सप्टेंबर १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झाले. अध्यक्षपदाच्या लढतीत दोस सांतोस यांना सुमारे ४९.६ टक्के आणि साविंबींना सुमारे ४० टक्के मते मिळाली. नियमानुसार दुसरी फेरी व्हायला हवी होती. साविंबींनी निकालच नाकारला आणि देश पुन्हा युद्धात लोटला गेला. ते युद्ध फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेल्यावरच थांबले.

साविंबींच्या महत्त्वाकांक्षेला दोष देणे सोपे आहे व तो दोष खराही आहे. परंतु तेवढ्यावर थांबले तर अभ्यास अपुरा राहील. मतदान झाले त्या दिवशी युनिटाची फौज मोडलेली नव्हती. शिबिरांत गोळा होण्याची आणि निःशस्त्र होण्याची प्रक्रिया अर्धवट होती. हिऱ्यांच्या खाणींचा प्रदेश हाती असल्याने पैशाची ददात नव्हती. शिवाय जे काही जिंकायचे ते एकट्या अध्यक्षपदात साठवलेले होते. हरणाऱ्यासाठी ताटात काहीच नव्हते. मिझोरममध्ये हरलेल्या पक्षालाही विधानसभेत १४ जागा होत्या, राज्याचे वेगळे अस्तित्व कायम होते आणि कलम ३७१ ग ला पराभवाने धक्का लागत नव्हता. ज्या मागण्यांसाठी बंड झाले, त्यांतले जे मिळाले होते ते सत्तेवर कोण आहे यावर अवलंबून नव्हते. हा फरक मला निर्णायक वाटतो.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये बसते. तेथे नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वंकष शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ माओवादी सैनिक पात्र ठरले. त्यांचा निकाल लागण्याआधीच, ऑगस्ट २००८ मध्ये, प्रचंड पंतप्रधान झाले. सैनिक छावण्यांत आणि सेनापती पंतप्रधान निवासात, अशा विचित्र अवस्थेत सेनाप्रमुखांना हटवण्याच्या वादावरून मे २००९ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. सैनिकांचा प्रश्न मिटायला २०१२ उजाडले. नोव्हेंबर २०१३ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत माओवादी तिसऱ्या क्रमांकावर घसरले, तेव्हा प्रथम त्यांनी गैरप्रकाराचा आरोप करून मतमोजणीवर बहिष्कार घातला. नंतर वाटाघाटी होऊन ते सभागृहात आले. तोवर छावण्या रिकाम्या झालेल्या होत्या. त्या भरलेल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न निव्वळ काल्पनिक मानता येणार नाही.

समाजाचा पहारा

मिझोरमच्या यशाचे श्रेय राजीव गांधींच्या उदारपणाला किंवा लालडेंगांच्या थकव्याला देण्याची प्रथा आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण समाजाचा वाटा त्याहून मोठा होता असे माझे मत आहे. प्रेस्बिटेरियन व बाप्टिस्ट चर्च आणि गावोगावी शाखा असलेली यंग मिझो असोसिएशन यांचा मिझो जीवनावर जो प्रभाव आहे, त्याची कल्पना महाराष्ट्रात बसून येणे कठीण. चर्चच्या नेत्यांनी दोन्ही बाजूंना वाटाघाटींच्या मेजावर टिकवून धरले. ब्रिगेडियर सायलो यांनी सत्तरच्या दशकात लष्कराच्या अत्याचारांविरुद्ध सनदशीर मार्गाने आवाज उठवला आणि बंदूक न उचलताही मिझो हिताचे राजकारण करता येते हे मुख्यमंत्री होऊन दाखवले. वसाहतींत कोंडले गेलेल्या पिढीला पुन्हा ते दिवस नको होते. अशा समाजात १९८८ नंतर जंगलात परतणाऱ्या नेत्याला भाकरतुकडा कोणी दिला असता काय?

शांततेबाहेर राहिलेले

येथवरच्या विवेचनावरून मिझो करार निर्दोष होता असा समज होऊ नये. करारात १९६६ नंतरच्या अशांततेत मृत झालेल्यांच्या वारसांना सानुग्रह साहाय्य देण्याचा विचार होता. चौकशी मात्र नव्हती. गावे कोणी जाळली, खबरे म्हणून मारलेले निरपराध किती, याचा जबाब कोणालाच द्यावा लागला नाही. नेत्यांना मंत्रिपदे मिळाली. साध्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी त्यांच्या संघटनेमार्फत अनेक वर्षे चालू राहिल्या. वर ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याच्या ‘कायदा पाळणाऱ्यांना काय मिळाले’ या प्रश्नाला या बाबतीत माझ्यापाशी उत्तर नाही.

दुसरी उणीव अल्पसंख्य समूहांविषयी. करार मिझो या एका ओळखीशी झाला. हमार समाजाला त्यात आपले स्थान दिसले नाही. त्यांच्यातील एका गटाने शस्त्र घेतले व १९९४ मध्ये त्यांच्याशी वेगळा समझोता करावा लागला. १९९७ मध्ये ब्रू समाजाचे हजारो लोक हिंसाचारामुळे त्रिपुरात गेले. त्यांच्यापैकी जे परतले नाहीत त्यांना त्रिपुरातच कायम वसवण्याचा करार होण्यास जानेवारी २०२० उजाडावे लागले. एका बंडखोर नेतृत्वाला सामावून घेताना राज्य त्याच्याच प्रतिमेत घडवले, की इतरांना बंडाचे कारण मिळते, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय परका राहिलेला नाही. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोली येथे माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. ही शरणागती होती, करार नव्हे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. शरणागतीच्या धोरणात रोख रक्कम, घरकुल, रोजगार यांची तरतूद असते. त्यात व्यक्तीचे पुनर्वसन होते. ज्या आदिवासी प्रश्नांचे नाव घेऊन चळवळ उभी राहिली, ते मतपेटीच्या मार्गाने कोण मांडणार, हा प्रश्न तिच्यात येत नाही. मिझोरममध्ये व्यक्ती आणि प्रश्न दोन्ही एकाच दाराने आत आले. गडचिरोलीत प्रश्नासाठी वेगळे दार शोधावे लागेल. त्याची चर्चा आपल्या विद्यापीठांतून अद्याप पुरेशी होताना दिसत नाही.

२००८ आणि २०२३

फ्रंटच्या पुढील वाटचालीत दोन पराभव विशेष लक्षणीय आहेत. झोरामथंगा १९९८ पासून सलग दहा वर्षे मुख्यमंत्री होते. २००६ च्या सुमारास पुन्हा मौताम आला, बांबू फुलला, उंदीर वाढले, पीक गेले. ज्या आपत्तीने पक्षाला जन्म दिला, तीच आता त्याच्या सरकारच्या दाराशी आली. २००८ च्या निवडणुकीत फ्रंटला ४० पैकी अवघ्या ३ जागा मिळाल्या. लोकांनी आसाम सरकारला १९५९ मध्ये जो जाब विचारला होता, तोच मतपत्रिकेद्वारे बंडाच्या वारसदारांनाही विचारला, असे म्हणण्यास जागा आहे.

२०१८ मध्ये २६ जागा जिंकून झोरामथंगा परतले. मिझो नॅशनल आर्मीचे माजी प्रमुख तॉनलुइया त्यांचे उपमुख्यमंत्री होते. ४ डिसेंबर २०२३ रोजी मतमोजणी झाली तेव्हा झोराम पीपल्स मूव्हमेंट या नव्या पक्षाने २७ जागा मिळवल्या आणि फ्रंट १० वर आला. झोरामथंगा आणि तॉनलुइया हे दोघेही स्वतःच्या मतदारसंघांत हरले. विजयी पक्षाचे नेते लालदुहोमा हे माजी पोलीस अधिकारी, एकेकाळी इंदिरा गांधींच्या सुरक्षा व्यवस्थेत काम केलेले, आणि पक्षांतरबंदी कायद्याखाली १९८८ मध्ये अपात्र ठरलेले पहिले खासदार. झोरामथंगांनी त्याच दिवशी राज्यपालांकडे जाऊन राजीनामा दिला. चार दिवसांनी लालदुहोमांचा शपथविधी झाला.